जावयाची दलदल

आमच्या भागाबद्दल बाहेरचे लोक म्हणतात, इथला माणूस बोलायला लागला की जबाबदारी ऐकणाऱ्याची. हे खरं आहे, आणि ही कीर्ती पसरवण्यात माझा वाटा थोडाथोडका नाही. तळ्यातला तो म्हातारा पाईक मासा, ज्याच्या पाठीवर शेवाळ वाढलं होतं आणि त्या शेवाळात बदकानं अंडी घातली होती, तो मीच धरला. मासाही मिळाला आणि न्याहारीचं ऑम्लेटही. गावात कुणीही ही गोष्ट सांगितली की शेवटी म्हणतो, "ताह्वोनं सांगितलंय," म्हणजे समोरच्यानं काय ते समजून घ्यावं.

आता सांगतोय ती मात्र माझी स्वतःची फजिती आहे, आणि स्वतःची फजिती कुणी फुगवून सांगत नाही.

सुरुवात हिल्लापासून करायला हवी. हिल्ला ही रानबेरी दलदलीत येते, एका रोपाला एकच फळ, पिकलं की मधाच्या रंगाचं. जुलैत दोन आठवडे येते आणि संपते. एक बादली भरायची तर दिवसभर कमरेत वाकावं लागतं आणि डासांना रक्तदान करावं लागतं. म्हणून आमच्याकडं एक रीत आहे. माणूस आपली गाय दाखवील, कपाटातली बाटली दाखवील, दारू चढली तर बायकोचं पत्रसुद्धा वाचून दाखवील, पण आपली हिल्लाची जागा दाखवणार नाही. ती बापानं मुलाला सांगायची मरताना, आणि तेही पाद्रीबुवा खोलीबाहेर गेल्यावर.

माझ्या बापाकडं अशी जागा नव्हती. आम्ही हुवारिनेन लोक मासेवाले. पण १९३१ साली मी तोल्वानेन घराण्याच्या लेम्पीशी लग्न केलं, आणि तोल्वानेन म्हणजे हिल्लातले सावकार. त्यांच्या तळघरात बरण्यांच्या रांगा अशा की दिवा न नेताही पिवळा उजेड पडायचा. लग्नानंतरच्या पहिल्याच जुलैत सासऱ्यांनी मला सकाळी उठवलं, हातात बादली दिली आणि एक शब्द न बोलता निघाले. मागं लेम्पी, तिच्यामागं तिचा धाकटा भाऊ ईवारी. तीन तास चाललो. एक ओढा तर आम्ही दोनदा ओलांडला. मी तसं म्हणालो तर सासरे म्हणाले, ओढे सगळे सारखेच दिसतात.

मग झाडं विरळ झाली आणि दलदल लागली. मधे बुटके पाईन, कडेला पाणी, आणि गवतात इकडंतिकडं पिवळे ठिपके. सासऱ्यांनी टोपी काढली. चर्चमध्येही त्यांना मी इतक्या आदरानं टोपी काढताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "ही आमची जागा. आजपासून तुझीही. कुणाला बोललास तर तू आमचा कुणी नाहीस."

जागेचं नाव काय, असं मी लेम्पीला विचारलं. ती म्हणाली, नाव नाही, ठेवायचंही नाही. नाव दिलं की ते तोंडातून निसटतं. आपण नुसतं 'तिकडं' म्हणायचं. मग आम्ही एकतीस वर्षं तसंच म्हणत आलो. "उद्या तिकडं जाऊ." "तिकडं यंदा फुलं बरी आहेत." कुणी ऐकलं तरी त्याला वाटावं, नवराबायकोचं काहीतरी आपसातलं आहे. आणि ते होतंच. मला मूल झालं नाही, शेत मोठं नाही, युद्धातून आलो तो डावा कान तिथंच ठेवून. पण एका घरानं मला आपल्या पोटातली गोष्ट दिली होती. मी स्वतःला त्या शब्दावर तोलायचो.

दुसऱ्या वर्षी कळलं की ती जागा सासरच्या गवताळ रानामागं जेमतेम अर्ध्या तासावर आहे. मला वाटलं, काय हे लोक, किती जपतात. मला अभिमानच वाटला.

मीही जपली. पण माझ्या पद्धतीनं. जो माणूस दिवसभर बोलतो तो एकाच विषयावर गप्प बसला तर लोकांना तिथंच वास येतो. म्हणून मी हिल्लाबद्दल इतरांपेक्षा दुप्पट बोलायचो. सहकारी दुकानाच्या पायरीवर बसून लोकांना जागा सांगायचो. एकाला उत्तरेची, एकाला दक्षिणेची, एकाला तळ्यापलीकडची. मोजल्या तर चाळीस भरतील. लोक जायचे, रिकाम्या बादल्या घेऊन डास चावून परत यायचे, मला शिव्या घालायचे आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारायचे. ईवारी उलटा. तो जन्मात खोटं बोलला नाही, कारण तो जन्मात फारसं बोललाच नाही. मी म्हणायचो, आमची जागा दोन कुत्री राखतात. एक सारखं भुंकतं, एक कधीच भुंकत नाही.

लेम्पी १९६२ च्या हिवाळ्यात गेली. शेवटच्या आठवड्यात तिनं मला जवळ बोलावलं. पाद्रीबुवा तेव्हा स्वयंपाकघरात कॉफी पीत होते. तिनं माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणलं आणि म्हणाली, "तिकडं जात जा. एकटा गेलास तरी जा." मी हो म्हटलं. तिला आणखी काही बोलायचं असावं असं वाटलं, पण तिनं दाराकडं पाहिलं. दारात ईवारी उभा होता. मग तिनं डोळे मिटले.

मी दर वर्षी जात राहिलो.

आणि १९६८ च्या जुलैत नाववाली बाई आली.

तिचं खरं नाव औलिक्की हार्युला. हेलसिंकीच्या विद्यापीठातून सायकलवर आली होती. सायकलच्या मागं बुटांचा खोका, खोक्यात कोरी कार्डं, पाठीवर मेणकापडाच्या नळीत नकाशा. तिला आमच्या कोर्पियार्वीतलं प्रत्येक नाव हवं होतं. तळ्याचं नको, ते छापलेलंच आहे. खडकाचं, खाचराचं, ओढ्याच्या वळणाचं, ज्या दगडावर कुणाची म्हातारी बसायची त्या दगडाचं. तिची उतरायची सोय तोल्वानेनांच्या माळ्यावर केली होती, ईवारीकडं. दिवसभर घरोघर हिंडायची, कॉफी प्यायची आणि लिहायची.

तिची पद्धत मजेशीर होती. नाव सांगितलं की ती अर्थ विचारायची नाही. आधी विचारायची, तिथं असलात तर काय म्हणता? आमच्या भाषेत ठिकाणाला शेपूट लागतं, आणि कुठल्या ठिकाणाला कुठलं ते फक्त तिथल्या माणसालाच ठाऊक. आम्ही कोर्पियार्वी'वर' राहतो, घोड्यावर माशी बसावी तसे. शेजारच्या हापाला गावातले लोक हापाला'त' राहतात, सूपच्या वाडग्यात माशी पडावी तसे. असं का, हे विचारायचं नसतं. जन्मभर बोलत आलो, पण असं काही आपण बोलतो हे मला ती आल्यावर कळलं. ती म्हणायची, खरं वापरातलं नाव असलं की शेपूट आपोआप येतं. नाव बनवलेलं असलं की माणूस एक क्षण अडखळतो.

मी अडखळलो नाही. पहिल्या दिवशी तिला तेवीस नावं दिली, त्यातली नऊ चालता चालता जन्माला घातली, सगळी शेपटीसकट. एका सपाट खडकाचं नाव 'बिशपची मांडी' कसं पडलं ते सांगताना मला स्वतःलाच बिशपची दया आली. तिनं सगळं लिहून घेतलं. प्रत्येक कार्डाच्या तळाशी सांगणाऱ्याचं नाव टाकायची. म्हणाली, "काका, खरं-खोटं मी ठरवत नाही. कोण काय म्हणालं एवढंच लिहिते. मात्र प्रत्येक नाव दुसऱ्या घरात तपासते."

त्यातच माझा घात होता.

पुढच्या मंगळवारी ती माझ्याकडं आली. मी कॉफी टाकली, भाजलेल्या चीजचा तुकडा बशीत ठेवला. तिनं खोका उघडला आणि तोल्वानेनांकडून मिळालेली कार्डं एकेक वाचायला लागली, मला पटतात का बघायला. कुरण पटलं, ओढा पटला, जुनं धान्य वाळवायचं घर पटलं. मग ती म्हणाली, हे एक फार गोड आहे, आणि तिनं वाचलं: वॅवुन्सुओ.

आमच्या भाषेत ते जसंच्या तसं उघडं पडतं. वॅवु म्हणजे जावई. मधला न म्हणजे चा किंवा ची. सुओ म्हणजे दलदल. जावयाची दलदल. असलात तर वॅवुन्सुओल्ला, निघालात तर वॅवुन्सुओल्टा. ती म्हणाली, ईवारी तोल्वानेन शेपूट सांगताना जराही थांबले नाहीत. आणि नाव जुनं आहे. गावच्या जमिनींची वाटणी झाली तेव्हाच्या, पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या कागदावर तिनं ते स्वतः पाहिलंय. तिला आधी वाटलं, जावयाला आंदण म्हणून दिलेली गवताची दलदल असेल. पण गंमत वेगळीच निघाली.

तिनं कार्ड वाचून दाखवलं. तोल्वानेन घरात नवा जावई आला की त्याला हिल्लाची जागा म्हणून ही दलदल दाखवतात. थोडी हिल्ला तिथं येते, तेवढी त्याला पुरते. तो सात उन्हाळे तोंड बंद ठेवून राहिला तर मग त्याला खरी जागा दाखवायची.

मी हसलो. खरंच सांगतो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. मी म्हणालो, बाई, असल्या सासरी पडलेला एखादा गाढव जावई मला भेटवा, त्याला मी जेवायला घालतो. दोन पिढ्यांमागचा असेल बिचारा, टोपी काढून उभा राहिला असेल. ती पण हसली. मग मी म्हणालो, आहे कुठं ही?

तिनं नकाशा टेबलावर पसरला, साखरेचं भांडं एका कोपऱ्यावर ठेवलं, आणि गवताळ रानामागं बोट टेकवलं.

मी त्या बोटाकडं पाहत राहिलो. छान बोट होतं, नखाला शाई लागलेली. ते उचललं गेलं तरी मला तिथंच दिसत होतं. मला आठवलं ते सासऱ्यांनी टोपी काढणं. मग तो दोनदा ओलांडलेला ओढा. मग तळघर. आम्ही दोघं मिळून तिकडून फार तर दोन बादल्या आणायचो, आणि आमच्या तळघरात मात्र सहा बादल्यांच्या बरण्या लागायच्या. एकदा मी लेम्पीला विचारलं होतं. ती म्हणाली होती, हिल्ला बरणीत फुगते. आणि मी, ज्यानं बदकाच्या अंड्यांसकट मासा गावाच्या गळी उतरवला, त्यानं ते गिळलं. वर लोकांनाही सांगत फिरलो की हिल्ला बरणीत फुगते. तेवढंच एक मी खरं समजून सांगत होतो.

नाववालीनं विचारलं, काका, हे पटतं का? मी म्हणालो, बाई, मला त्यातलं काही माहीत नाही, ते घर त्यांचं आहे. तिनं माझ्या तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहिलं, आणि कार्ड खोक्यात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईवारी आणि मी नेहमीप्रमाणं जाळं उचलायला तळ्यात गेलो. मी मुद्दाम मधे जाईपर्यंत थांबलो. नावेत एक सोय असते, कुणी उठून जाऊ शकत नाही.

मी विचारलं, वॅवुन्सुओवर यंदा हिल्ला कशी आहे?

त्याची वल्ही थांबली. मग तो म्हणाला, "तिनं विचारलं, ह्या जागेला काय म्हणता. म्हणतो ते सांगितलं."

"सदतीस वर्षं तुम्ही लोकांनी मला सांगितलं नाही, तिच्या कार्डाला मात्र लगेच दिलंत."

"तिनं विचारलं, दाजी. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

हे त्याचं खरं बोलणं असतं. त्यात चूक काढता येत नाही, नुसता राग येतो. मी म्हणालो, मी तुझ्या बहिणीला विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती नाव नाही. मी म्हणालो, सात उन्हाळे तोंड बंद ठेवायचं होतं ना, मी सदतीस ठेवलं. कुठल्या अंगानं मी नापास झालो ते तरी सांग.

तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "कावळ्याची टेकडी."

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं.

१९३४ चा उन्हाळा. लग्नाचं चौथं वर्ष. दुकानाच्या पायरीवर गिरणीवाल्यानं मला जागा विचारली, आणि मी तोंडाला येईल ते सांगितलं. कावळ्याच्या टेकडीमागं, म्हटलं, इतकी हिल्ला आहे की अस्वल काळं आत गेलं आणि पिवळं बाहेर आलं. त्या रविवारी चर्च सुटल्यावर सतरा माणसं गेली. आणि संध्याकाळी सतरा माणसं भरलेल्या बादल्या घेऊन आली. गिरणीवाल्यानं मला मिठी मारली. त्या दिवशी मी गावात राजा होतो. इतकं सुंदर खोटं मी आयुष्यात बोललो नव्हतो. ते बोलल्यावर खरं झालं. घरी जाऊन जेवताना मी लेम्पीला हसत हसत सगळं सांगितलं. तिनं चमचा खाली ठेवला आणि गोठ्यात निघून गेली. गायींचं दूध काढून झालेलं होतं. मला वाटलं, डोकं दुखत असेल.

ईवारी म्हणाला, त्यांच्या दोन जागा होत्या. त्यातली मोठी ती टेकडीमागची. आजोबांच्या आजोबांपासूनची. सतरा माणसांनी एकदा पाहिली की संपलं. पुढच्या वर्षी सत्तर गेले, हापालातले सुद्धा.

मी म्हणालो, अरे, ते मी बनवलं होतं.

तो म्हणाला, "दाजी, तुम्ही लेम्पीच्या मागं मागं गेला होतात. सगळ्यांना तेव्हाच कळलं."

मी सांगितलं की मी कुणाच्या मागं गेलो नाही. मी सांगितलं की त्या टेकडीमागं काय आहे ते मी आजतागायत पाहिलेलं नाही. कावळे आहेत की नाहीत तेही मला ठाऊक नाही. मी चाळीस जागा सांगितल्या, त्यातली एक लागली. डोळे मिटून चाळीस दगड मारले तर एक खिडकी फुटणारच. माझा आवाज चढला. आणि बोलता बोलता मला माझंच ऐकू आलं. आख्ख्या गावात ज्याच्या खऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही असा माणूस नावेत बसून गयावया करत होता की बाबा रे, मी खोटंच बोललो होतो, ह्यावर तरी विश्वास ठेव.

ईवारीनं ऐकून घेतलं. तो माणूस वाईट नाही. तो विचार करत होता हे त्याच्या कपाळावर दिसत होतं. शेवटी म्हणाला, "असेलही."

"असेलही काय? तू मला साठ वर्षं ओळखतोस."

"म्हणूनच," तो म्हणाला.

मग त्यानं ते सांगितलं जे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. पण ईवारीनं एकदा तोंड उघडलं की तो सगळंच खरं बाहेर काढतो, अर्धं ठेवत नाही. शेवटच्या आठवड्यात लेम्पीनं त्याला विचारलं होतं, आता ताह्वोला दाखवूया का? जागा घराची होती, म्हणून त्याची परवानगी हवी होती. आणि तो नाही म्हणाला होता. कावळ्याची टेकडी आठव, म्हणाला होता. ती म्हणाली होती, इतकी वर्षं झाली रे. तो पुन्हा नाही म्हणाला. मग ती गप्प बसली.

म्हणजे ती दाराकडं पाहत होती ती ह्यासाठी.

मी जाळं ओढायला लागलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. सहा पर्च मासे लागले होते, एक बरा. मी सहाही काढून टोपलीत टाकले. लेम्पीचं मला कळत होतं, आणि कळत होतं म्हणून जास्त लागत होतं. अठ्ठावीस वर्षं तिनं माझ्या शेजारी बसून जेवण केलं, माझ्या गोष्टींना हसली, माझा कान नसलेल्या बाजूला झोपली म्हणजे तिचं घोरणं मला ऐकू येऊ नये. आणि मनात ठेवलं की ह्यानं आपलं घर विकलं. एकदा तरी विचारायचं होतं. भांडायचं होतं. बादली डोक्यात घालायची होती. मी शपथ घेतली असती. तिनं विश्वास ठेवला नसता हे निराळं.

किनाऱ्याला लागल्यावर ईवारी नाव ओढता ओढता म्हणाला, चला दाजी, आज दाखवतो. दुसरी जागा अजून आहे.

मला फार मोह झाला. पाय त्याच्या बाजूला वळले सुद्धा. पण मग मनात आलं, तीन तास चालून तो मला एखाद्या दलदलीत उभा करील, कदाचित टोपीही काढील, आणि मी कशावरून ओळखणार की ही ती? त्या घरात पकडल्या गेलेल्या जावयासाठीही एखादी दलदल राखून ठेवलेली असेल, पावणेदोनशे वर्षांची, नावासकट. मी नको म्हटलं. त्याला वाईट वाटलं असावं. त्यानं माशांतला बरा पर्च माझ्या बाजूला टाकला.

नाववाली शनिवारी जाणार होती. शुक्रवारी मी तोल्वानेनांच्या अंगणात गेलो. ती पायरीवर बसून कार्डं अक्षरवार लावत होती. मी म्हणालो, बाई, त्या वॅवुन्सुओच्या कार्डावर मला एक ओळ घालायची आहे. तिनं पेन काढलं. मी सांगितलं ते तिनं जसंच्या तसं लिहिलं: 'शेवटचा जावई ताह्वो हुवारिनेन. ह्यानं जागा कुणाला सांगितली नाही. ही नाही, आणि दुसरीही नाही.'

तिनं लिहून झाल्यावर विचारलं, हे खरं आहे का काका? मग स्वतःच म्हणाली, माफ करा, मी ते विचारायचं नसतं.

मी म्हणालो, बिशपची मांडी खोटी आहे. आणि आणखी आठ. ती काढून टाका, पण ही ओळ ठेवा. ती म्हणाली, काढता येत नाही, एकदा लिहिलेलं कार्ड फाडत नाहीत. आणि तळाशी सांगणाऱ्याचं नाव घालावंच लागतं. तिनं घातलं. मी उलट्या बाजूनं ते वाचत होतो. अस्वलाला पिवळं करणाऱ्याचं नाव, आणि त्याच्या वर माझं एकुलतं एक खरं.

मग मी जे मागितलं ते मागायला नको होतं. मी म्हणालो, तुमची पद्धत आहे ना, दुसऱ्या घरात तपासायची. ईवारीला विचारा. त्यानं आपलं नाव खाली दिलं तर ते कुणीही मानील, हेलसिंकीतले सुद्धा. ती म्हणाली, विचारते.

ऑक्टोबरात टपालानं पाकीट आलं. तिनं आभाराचं पत्र लिहिलं होतं आणि माझ्या काही कार्डांच्या नकला टंकून पाठवल्या होत्या. बिशपची मांडी होती. वॅवुन्सुओ होतं. नाव, शेपूट, जुन्या कागदातला दाखला, ईवारीनं सांगितलेली हकिकत, त्याखाली त्याचं नाव. मग माझी ओळ, आणि त्याखाली माझं नाव. त्याच्यापुढं कंसात तिनं टीप दिली होती: 'ई. तोल्वानेन यांना विचारलं. ते म्हणाले, असेलही. पण मी पाहिलेलं नाही.'

बरोबरच आहे त्याचं. खरं बोलणाऱ्या माणसाला न पाहिलेल्या गोष्टीखाली नाव देता येत नाही. ते कार्ड आता एका मोठ्या इमारतीत लोखंडी खणात आहे म्हणे, आणि तिथं ते आमच्या दोघांच्या नंतरही राहील. मी नक्कल घडी करून कॉफीच्या डब्यात ठेवली. लेम्पीच्या फोटोमागं ठेवणार होतो, पण फोटो उचलला आणि परत ठेवला.

आम्ही अजून एकत्र जाळं टाकतो. एका माणसाला वल्ही आणि जाळं दोन्ही जमत नाही.

त्यानंतरच्या जुलैत मी तिकडं गेलो नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. एका सकाळी दार उघडलं तर पायरीवर बादली. काठोकाठ हिल्ला, अंगठ्याएवढी, वॅवुन्सुओवर असली कधी आली नाही आणि येणार नाही. खाली धक्क्यावर ईवारी नावेत बसला होता, माझ्याकडं पाठ करून, मला यायला वेळ लागला की बसतो तसा. मी बूट चढवले, उतरून गेलो आणि नावेत बसलो. त्यानं वल्हं मारलं. मधे गेल्यावर मी विचारलं, कुठली?

त्यानं वळून पाहिलं नाही.

"तिकडची," तो म्हणाला.

लेम्पी म्हणायची अगदी तस्सं.